खान्देशात बसून मराठी लिखाणाची कामं मिळवताना : जून २०२४ ते सप्टेंबर २०२५

मराठी लिहून पैसे मिळतात का, असं जळगाव-धुळ्याकडे कुणी विचारलं की ऐकणाऱ्याला एकतर कथा-कविता आठवते, नाहीतर वर्तमानपत्र. या दोन्ही ठिकाणी पैसा सगळ्यात कमी आहे. तो आहे अहवाल, माहितीपत्रकं, पाकिटावरचा मजकूर, भाषांतर, प्रूफ अशा बिननावाच्या लिखाणात. जून २०२४ पासून हे काम ज्या क्रमानं मिळत गेलं, त्या क्रमानं इथे मांडते. दर माझ्या बिलांवरचे आहेत. पुण्या-नाशकात ते वेगळे असणार.

सुरुवात कागदपत्रांपासून केली, लिखाणाचे नमुने तयार करण्याच्याही आधी. काम देणारा 'हो' म्हणतो तेव्हा घाईत असतो, आणि नेमका तेव्हाच त्याचा हिशेबनीस पॅन, रद्द केलेला चेक आणि बिल मागतो. ते लगेच गेलं नाही तर तुमचं नाव पुढच्या महिन्याच्या यादीत जातं. पॅन आधारला जोडलेलं आहे ना, ते बघून घ्यायचं. पॅनच नसेल किंवा ते निष्क्रिय झालं असेल तर टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापायचा आयकर, १० ऐवजी २० टक्के कापला जातो.

पुढचं काम उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नाव लावण्याचं. ती केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर फुकट होते. आधारला जोडलेला मोबाइल, पॅन आणि बँक खात्याचा तपशील हाताशी असला की एका बैठकीत संपते आणि प्रमाणपत्र पीडीएफमध्ये येतं. गुगलवर शोधलं की वरच्या जाहिरातींमध्ये खाजगी साइट दिसतात. रंगरूप सरकारी, आणि शेवटच्या पानावर हजार-दीड हजारांची 'फी'. पत्ता जीओव्ही डॉट इनवर संपत नसेल तर ते पान बंद करायचं. अर्जात 'सेवा' निवडायचं, आणि व्यवसायाच्या कोडमध्ये लेखन-कला हा विभाग ९० आहे. ही नोंदणी पहिल्या कामाच्या आधीच करून ठेवा, असं आवर्जून सांगते. पैसे अडकल्यावर मिळणारं संरक्षण नोंदणीनंतरच्या व्यवहाराला असतं, आधीच्या कामाला ते मागे जाऊन लागत नाही. मार्च २०२५ मध्ये हे फार उपयोगी पडलं. ते पुढे येईलच.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला राज्याचा व्यवसाय कर लागतो, वर्षाला २,५०० रुपये. महाजीएसटीच्या साइटवर नावनोंदणी करायची आणि दरवर्षी ३० जूनच्या आत भरायचा. महिन्याला चार हजार मिळत असताना हा आकडा टोचतो, पण नंतर व्याज-दंडासकट टोचण्यापेक्षा बरा. जीएसटी नोंदणी मात्र वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर लागत नाही. काही कंपन्यांचा ऑनलाइन फॉर्म जीएसटी क्रमांकाशिवाय पुढे सरकत नाही. तिथे 'मी अनरजिस्टर्ड आहे' असं एका पानाचं डिक्लेरेशन सही करून पाठवलं की भागतं. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका. समोरचा देऊन टाकेल, पण तुम्हाला तो घ्यायचा अधिकार नाही.

मग नमुने केले. एकेका पानाचे : सराफाची अक्षय्य तृतीयेची जाहिरात, पतसंस्थेच्या अध्यक्षांचं मनोगत, ठिबक संचाच्या देखभालीचं पत्रक, आणि एका सरकारी इंग्रजी पत्रकाचं मराठी भाषांतर. सगळे कल्पित संस्थांच्या नावानं. छापून आलेल्या कवितांची कात्रणं काम देणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. त्याला बघायचं असतं ते एवढंच, की आपला मजकूर या बाईच्या हातून कसा निघेल.

हे नमुने घेऊन सगळ्यात आधी गेले प्रिंटिंग प्रेसवाल्यांकडे. नव्या माणसानं हाच क्रम धरावा असं माझं मत आहे. कंपनीला लेखक लागतो हे कंपनीलाच माहीत नसतं, पण ते प्रेसवाल्याला माहीत असतं. गिऱ्हाईक त्याच्याकडे येऊन 'तुम्हीच काहीतरी लिहून टाका' म्हणतं आणि मग ते डीटीपी करणाऱ्या, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्या पोराच्या गळ्यात पडतं. पोराला ते नको असतं. जळगावच्या पेठांमधल्या प्रेसमध्ये सकाळी अकराच्या आत गेलं तर मालक बोलायला मोकळा असतो, दुपारनंतर मशीन आणि गिऱ्हाईक दोन्ही चालू असतात. लग्नसराईत तर जाऊच नये.

तिथे पहिला अडथळा आला फॉन्टचा. "ताई, लिहिलंय चांगलं, पण हे युनिकोड आपल्याकडे फुटतं. श्रीलिपीत देता का?" असं एका प्रेसच्या नानांनी विचारलं. युनिकोड म्हणजे मोबाइल-इंटरनेटवर चालणारी टायपिंगची पद्धत, श्रीलिपी ही तिच्याआधीची. पुष्कळ प्रेसमध्ये अजून पानं लावायला पेजमेकर किंवा कोरलची जुनी आवृत्ती आणि श्रीलिपी चालते. युनिकोड मजकूर कन्व्हर्टरमधून श्रीलिपीत नेला की ठरावीक ठिकाणीच मोडतो. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'पुढाऱ्यांनी' या शब्दांतला अर्धा र रफार होऊन पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि 'दुसर्या' छापलं जातं. 'ॲडव्हान्स', 'बॅलन्स' यातली ॲ-कार असलेली अक्षरं चौकोन होतात. अवतरणचिन्हं उलटी होतात, आणि टेबलातले आकडे कधी देवनागरी तर कधी इंग्रजी दिसतात. मी आता फाइलसोबत एक पीडीएफ देते आणि सांगते, की शंका आली तर पीडीएफ खरी. वर त्या मजकुरात अर्धा र आणि ॲ कुठे कुठे आहे, ते शब्द पिवळे करून ठेवते. डीटीपीवाल्याचा अर्धा तास वाचतो, आणि पुढचं काम मिळायला तो अर्धा तास फार उपयोगी पडतो.

टायपिंग इनस्क्रिप्टनं, म्हणजे देवनागरीच्या ठरावीक कीबोर्डनं शिका. फोनेटिकनं, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करून, सुरुवात सोपी होते, पण दिवसाला तीन-चार हजार शब्द जायला लागले की इनस्क्रिप्टचा वेग दिसतो. शिवाय तो कीबोर्ड विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे सारखा असतो, दुसऱ्याच्या मशीनवर बसलं तरी हात अडत नाही.

जुलै ते सप्टेंबर हा खान्देशात लिहिणाऱ्याचा हंगाम. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि सभेआधी अहवाल छापून सभासदांच्या हातात पडावा लागतो. पतसंस्था, विविध कार्यकारी सोसायट्या, नोकरदारांच्या सोसायट्या, सगळ्यांची छपाई एकाच वेळी. अहवालात ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि दोषदुरुस्ती अहवाल हे तयार येतं, त्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे येतं ते अध्यक्षांचं मनोगत, वर्षाचा आढावा, श्रद्धांजलीचं पान आणि सगळ्याचं प्रूफ. २०२४ च्या हंगामात मनोगत आणि आढावा मिळून साधारण बाराशे शब्द आणि दोन प्रूफं, याचे मला ३,५०० रुपये मिळाले. नुसतं प्रूफ असेल तर पानाला १५ रुपये.

या कामात दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे पानं. अहवालाला सेंटर पिन असते, म्हणून पानसंख्या ४ च्या पटीत लागते. ३४ पानं झाली की कुणीतरी फोन करून 'दोन पानं कमी करा' किंवा 'दोन वाढवा' म्हणतं, तेही प्लेट निघायच्या आदल्या रात्री. म्हणून मनोगत लिहितानाच असे दोन परिच्छेद ठेवायचे, जे काढले तरी काही अडणार नाही. दुसरी म्हणजे आकडे. मनोगतात ठेवी '४२ कोटी' आणि ताळेबंदात वेगळाच आकडा असला की सभेत तो सभासद उठतोच, ज्याला उठायचंच असतं. मनोगतातला प्रत्येक आकडा ताळेबंदाच्या कुठल्या पानावरून घेतला, ते समासात पेन्सिलीनं लिहून ठेवते. चेअरमन साहेबांना दाखवायच्या प्रतीवरही ते राहू देते.

नावांचा क्रम आणि मान हा वेगळाच विषय. संचालक मंडळाच्या यादीत 'नानासो', 'आबासो', 'भाऊसाहेब' कुणाला लावायचं आणि कुणाला नाही, हे आपण ठरवायचं नाही. संस्थेच्या सचिवांकडून यादी लिहून घ्यायची आणि खाली त्यांची सही. तोंडी सांगितलेल्या यादीवरून छापलं की पुनर्छपाईचा खर्च कुणी सोसायचा यावर वाद होतो, आणि त्या वादात लिहिणाराच सगळ्यात हलका असतो.

याच जुलैत व्हॉट्सअॅपवर 'घरबसल्या मराठी टायपिंग, पानाला ४० रुपये' असे मेसेज येत होते. पद्धत सगळीकडे एकच आहे. आधी दोन-तीन हजार रुपये 'नोंदणी' किंवा 'अनामत' मागतात, मग वाचता न येणारी स्कॅन पानं आणि अशक्य मुदत देतात. शेवटी 'अचूकता कमी भरली, करार मोडला' म्हणून वकिलाच्या नावानं नोटीस पाठवून आणखी पैसे मागतात. काम देणारा कधीच आधी पैसे मागत नाही, हा एक नियम पुरे. कुणी अडकलंच तर घाबरून आणखी पैसे न भरता १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पैसे जाऊन जितका कमी वेळ झालेला असेल, तितकी ते खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

दिवाळी अंकांचं थोडक्यात सांगते. साहित्य मे ते जुलैत पाठवावं लागतं, ऑगस्टनंतर आलेलं पुढच्या वर्षावर जातं. मोठे अंक मानधन देतात, ते दिवाळीनंतर येतं. लहान अंकांकडून अंकाची प्रत येते. हौस म्हणून पाठवा, महिन्याच्या हिशेबात धरू नका. आकाशवाणीचं जळगाव केंद्रही भाषणं, रूपकं घेतं. विषय आधी लेखी कळवायचा, करारपत्र येतं आणि मानधन बँकेत जमा होतं. रक्कम मोठी नसते, पण ऐकण्यासाठी लिहायची शिस्त तिथे लागते, आणि नंतर लाउडस्पीकरच्या जाहिराती लिहिताना तीच कामाला येते.

नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा आली तेव्हा प्रेसवाल्यांकडूनच पत्रकांची कामं आली. निवडणुकीच्या कामात पैसे आधी घ्यायचे, यात अपवाद नाही. २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ ला निकाल होता. २३ नंतर हरलेल्याचा फोन बंद असतो आणि जिंकलेल्याचा लागत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची : लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं आहे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड. मजकुराच्या फाइलमध्येच शेवटी 'मुद्रक' आणि 'प्रकाशक' अशा दोन रिकाम्या ओळी ठेवायच्या. तेवढ्यानं प्रेसवाला खूश होतो. अहिराणीत जिंगल हवी असेल तर कुठल्या गावात वाजणार ते आधी विचारा. साक्री-शिंदखेड्याची अहिराणी रावेर-यावलच्या लेवा गणबोलीच्या गावात लावली तर लोक हसतात, उमेदवाराला आणि आपल्यालाही. मला दोन्हीकडचं बोलणं सारखं येत नाही, म्हणून त्या भागातल्या माणसाकडून वाचून घेऊन त्याला त्याचे पैसे देते.

डिसेंबरपासून भाषांतर संस्थांकडे अर्ज सुरू केले. पैसा नियमित येतो तो इथून, आणि जळगावात बसून येतो. संस्थांच्या साइटवर 'व्हेंडर' किंवा 'फ्रीलान्सर' म्हणून फॉर्म असतो. तो भरल्यावर गोपनीयतेचा करार, मग चाचणी, मग दराची बोलणी आणि मग शांतता. काम येईपर्यंत आठवडे जातात, कारण तुमचं नाव यादीत खाली असतं आणि वरचा भाषांतरकार आजारी पडला की तुमचा नंबर लागतो. पहिलं काम संध्याकाळी उशिरा आणि सकाळच्या मुदतीचं येण्याची शक्यता दाट. ते घेतलं आणि वेळेत दिलं की नाव वर सरकतं. चाचणी दोन-तीनशे शब्दांची असेल तर फुकट करून द्यायला हरकत नाही. हजार शब्दांची 'चाचणी' म्हणजे फुकटात करून घेतलेलं काम.

दर ठरवताना विचारायचा प्रश्न एकच : शब्द कुठले मोजणार, इंग्रजी की मराठी? आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे इंग्रजी हजार शब्दांचं मराठी माझ्या फायलींत साडेसातशे ते आठशे शब्दांत बसतं. ६० पैसे दर इंग्रजी शब्दावर असेल तर ६०० रुपये, मराठी शब्दावर असेल तर साडेचारशे ते चारशे ऐंशी. दर तोच, पण पाचवा-चौथा हिस्सा गेला. त्यातच 'मॅच'चं कोष्टक येतं. आधीच्या भाषांतराशी जुळणाऱ्या वाक्यांना कमी दर, शंभर टक्के जुळलं तर कधी शून्य. जुळलेलं वाक्य तपासायचं असेल तर त्याचा दर हवाच, हे ईमेलवर लिहून घ्यायचं. सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला पैसे घालू नका. ओमेगाटी फुकट आहे, आणि बऱ्याच संस्था त्यांच्या ऑनलाइन टूलचं लॉगिन देतात.

आता निम्मं काम 'मशीननं केलंय, फक्त बघून घ्या' असं येतं. दर निम्मा सांगतात आणि वेळ मात्र कधी कधी पूर्ण लागतो. हो म्हणायच्या आधी शंभर शब्द उघडून दुरुस्त करून बघायचे. ते नव्यानं लिहायला लागले तर तसं सांगून पूर्ण दर मागायचा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केळी लागवडीचं एक मार्गदर्शक पत्रक असंच मशीनमधून निघून आलं होतं. त्यात केळीच्या घडाला 'गुच्छ', फणीला 'हात' आणि बुंध्याशी येणाऱ्या पिलांना 'शोषक' लिहिलेलं. 'शोषक नियमितपणे काढून टाका' हे वाक्य रावेरच्या शेतकऱ्यानं रसशोषक किडीबद्दलच वाचलं असतं आणि औषध फवारलं असतं. मृगबाग आणि कांदेबाग या केळी लागवडीच्या दोन हंगामांचं खताचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही इंग्रजी मजकुरात नव्हतं, कारण तो दुसऱ्या राज्यासाठी लिहिलेला होता. मी दोन पानं दुरुस्त करून शेजारी कारणं लिहिली आणि दर १ रुपया २० पैसे मागितला. एक रुपयावर ठरला. शेतीचं लिखाण हे आपल्याकडच्या माणसाचं हक्काचं काम आहे. मुंबईच्या चांगल्या भाषांतरकारालाही ठिबकच्या लॅटरलला शेतात काय म्हणतात, ते विचारावं लागतं. लॅटरलच म्हणतात, नाहीतर नळी. 'पार्श्वनलिका' फक्त भाषांतरात असते.

परदेशी कामांच्या साइटही याच काळात बघितल्या. फाइव्हर कमाईचा २० टक्के हिस्सा ठेवतं, म्हणजे ५ डॉलरच्या कामाचे हातात ४. अपवर्कवर अर्ज करायलाच 'कनेक्ट' नावाची टोकनं खर्च होतात. इंग्रजी-मराठीची कामं तिथे आहेत, पण बोली खालूनच लागते. मी तिथे फार थांबले नाही. ज्यांना थांबायचं आहे त्यांनी एवढं बघावं : साइटच्या बाहेर, टेलिग्रामवर या, असं म्हणणारा गिऱ्हाईक सोडून द्यायचा, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेची बँकेची पावती जपून ठेवायची.

ऑडिओ मालिका आणि ॲपवरच्या कथांसाठीही विचारणा होते. तिथे करार वाचल्याशिवाय सही नको. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे स्वतंत्र लेखकाच्या लिखाणाचा पहिला मालक लेखकच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेलंच चालतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणूनच समोरचा 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असं लिहून आणतो. पतसंस्थेच्या मनोगतासाठी यावर भांडण्यात अर्थ नाही. पण शंभर भागांची कथा एपिसोडच्या तीनशे रुपयांत जन्मभरासाठी देताना आकडा परत एकदा बघावा.

आता अडकलेल्या पैशांचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शेतीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीचं माहितीपत्रक लिहून दिलं होतं, बिल १८,००० रुपयांचं. फोन केला की 'साहेब बाहेरगावी आहेत', 'दिवाळी होऊ द्या', 'संक्रांत होऊ द्या'. माझ्याकडे तीन गोष्टी होत्या : काम, दर आणि दुरुस्तीच्या फेऱ्या लिहिलेला ईमेल आणि त्यावर त्यांचं 'ओके', अंतिम मजकूर मिळाल्याचा ईमेल, आणि उद्यम क्रमांक छापलेलं बिल. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा एमएसएमई कायदा, २००६ सांगतो की लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. हे कलम बहुतेक मालकांना ऐकून माहीत असतं आणि ते त्यांना फारसं हलवत नाही. हलवतं ते आयकर कायदा, १९६१ चं कलम ४३-ब (ह) : सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचं बिल मुदत उलटूनही ३१ मार्चला बाकी असेल तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही.

म्हणून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र मालकाला न पाठवता त्यांच्या हिशेब विभागाला पाठवलं, प्रत त्यांच्या सीएला. भाषा साधी ठेवली : बिल क्रमांक, तारीख, रक्कम, उद्यम क्रमांक, 'आपल्या वर्षअखेरीच्या नोंदीसाठी कळवीत आहे'. धमकी नाही, व्याजाची मागणी नाही. पैसे मार्च संपायच्या आत आले, व्याज आलं नाही. आले नसते तर पुढची पायरी केंद्र सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार ही होती. तिथून ती तेव्हा राज्याच्या सुविधा परिषदेकडे जात होती.

तेव्हापासून काम सुरू करण्याआधी एक छोटा ईमेल जातोच. त्यात शब्दसंख्या, दर, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या (तिसरी वेगळ्या पैशांत), मुदत, अर्धे पैसे आधी, आणि 'अंतिम मजकूर दिल्यावर सात दिवसांत कळवलं नाही तर तो मान्य धरला जाईल' एवढं वाक्य. व्हॉट्सअॅपवर ठरलं तरी तेच पुन्हा ईमेलवर टाकते. ओळखीच्या माणसाला हे पाठवताना अवघड वाटतं. 'ताई, आपल्यात कागद कशाला?' असं ऐकूनही घ्यावं लागतं. 'दादा, कागद माझ्या सीएला लागतो' हे उत्तर सगळीकडे चालतं.

शेवटी कर. कंपन्या आणि संस्था व्यावसायिक सेवेवर (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९४-जे) १० टक्के कापतात, पण वर्षाला एका ठिकाणाहून ३०,००० च्या वर गेलं तरच. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० झाली. काही जण कंत्राट धरून १९४-क खाली १ टक्काच कापतात. कुठलं धरणार ते आधी विचारलं तर हातात किती येणार ते कळतं. लहान प्रेसवाले कापत नाहीत, त्यांना बहुधा ते लागूच नसतं. कापलेली रक्कम आयकर पोर्टलवरच्या आपल्या खात्यात (तेव्हा फॉर्म २६-एएस) दिसते. तिमाही उलटूनही दिसली नाही तर लगेच हिशेबनिसाला कळवा आणि टीडीएसचं प्रमाणपत्र (तेव्हा फॉर्म १६-ए) मागा. वर्षाच्या शेवटी मागायला गेलं की तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

विवरणपत्र भरताना सीएशी एका मुद्द्यावर स्पष्ट बोलून घ्या. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४-एडीए खाली निम्मं उत्पन्न नफा दाखवायची सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे. सिनेमाचे कथा-संवाद लिहिणारे त्या यादीत बसतात, पत्रकं आणि भाषांतरं करणारे बसतात का यावर दोन मतं आहेत. माझ्या सीएंनी खर्चाच्या पावत्या मागून साधा नफा-तोटा काढला : इंटरनेट, वीज, शब्दकोश, प्रिंटर, प्रूफ वाचून देणाऱ्याला दिलेले पैसे. त्यांची फी २,००० रुपये. २०२४-२५ च्या विवरणपत्राची मुदत २०२५ मध्ये ३१ जुलैवरून आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण माझं ऑगस्टमध्येच गेलं, कारण सप्टेंबर अहवालांचा. कापलेला टीडीएस परत आला तेव्हा टेबलावर नऊ संस्थांची प्रूफं होती आणि त्यातल्या दोघांची पानं ३४ झाली होती.